थांब म्हटलं की थांबणारी मारामारी

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. महाडला पाऊस नुकताच लागला होता. ९ तारीख, रविवार. पहाट कसली, अजून रात्रच होती म्हणा ना! मला जाग आली ती धप्... धप्... अशा आवाजाने. आधी वाटलं, पागोळ्यांचं पाणी पत्र्यावर पडतंय. मग वाटलं, मांजर फळीवर चढलं. उठून माजघरात येते तो काय! माझी भाची, म्हणजे नणंदेची मुलगी, गोधडी डोक्यावरून घेऊन बसलेली, हातात मोबाईल, नि मोबाईलमध्ये दोन बाया एकमेकींना लाथा घालतायत. तिच्या शेजारी आमच्या सासूबाई, चष्मा लावून! त्यांना रात्री झोप येत नाहीच, त्यामुळे नातीला आयती सोबत मिळाली होती.

"अगं काय बघताय हे?" मी विचारलं.

"मामी, गप्प बस ना! पूजा तोमरची फाइट आहे. यूएफसीत पहिलीच."

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण खोटं कशाला बोलू, मीही बसलेच.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरातली मुलं मोबाईलवर हे बघत असतील. पिंजऱ्यासारखी जाळी, आत दोघं, अंगात जेमतेम कपडे, हाताला छोटेसे मोजे आणि नुसती मारामारी. मिक्स्ड मार्शल आर्ट्स असं त्याचं नाव, पोरं त्याला 'एमएमए' म्हणतात. बॉक्सिंगचा ठोसा, कराटेची लाथ, कुस्तीची पकड आणि ज्युदो-जुजुत्सूचे हात-पाय-मान अडकवायचे डाव, सगळं एकत्र. मिसळच म्हणा! पुरुषांचं असेल तर आपण "बंद कर ते" म्हणून पुढे जातो. पण इथे बायका होत्या, आणि बघणारी माझ्या घरातली मुलगी होती.

त्या वेळी ती सोळा-सतरा वर्षांची, अकरावी झालेली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचं गाव. शाळेत कबड्डी खेळायची. आपल्या रायगडात मैदान म्हटलं की कबड्डीच, त्यात नवल नाही. पण त्या मे महिन्यात ती पनवेलला काकांकडे राहून आली, तिथे कुठल्याशा हॉलमध्ये हे एमएमए शिकवतात ते तिने पाहिलं, आणि आल्यावर आईला सांगितलं, "बारावीनंतर मी पनवेललाच कॉलेज करणार आणि हे शिकणार." झालं! नणंदेने तिला चार दिवस महाडला मामीकडे पाठवून दिलं. वर मला फोन, "वहिनी, तुम्ही पेपरात लिहिता, तुमचं ऐकेल ती. काढा तिच्या डोक्यातून."

म्हणजे मी खरं तर समजूत घालणार होते. आणि त्या रात्री बसले होते फाइट बघत!

पूजा तोमर ही उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढाना गावची. वडील ती लहान असतानाच गेले. वुशू या चिनी खेळात ती अनेकदा राष्ट्रीय विजेती झाली, मग एमएमएकडे वळली. टायगर श्रॉफ आणि त्याची बहीण कृष्णा यांनी २०१९ मध्ये सुरू केलेल्या मॅट्रिक्स फाइट नाईटमध्ये तिने आपल्या वजनगटाचं जेतेपद मिळवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये यूएफसी या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपनीने तिला करारबद्ध केलं. असा करार मिळालेली ती पहिली भारतीय स्त्री. आणि अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात त्या रात्री तिची पहिली लढत होती, ब्राझीलच्या रायान दोस सांतोसशी.

तिचं टोपणनाव 'सायक्लोन'. ते ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या रायगडावर आलं, तेव्हा आमच्या परसातला फणस मुळासकट गेला होता. "काय मेलं नाव तरी!" म्हणाल्या.

पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. पूजा लाथा मारायची त्या पोटावर, बरगड्यांवर. आवाज असा यायचा की मी प्रत्येक वेळी डोळे मिटायची. सासूबाई मात्र टक लावून. दोघींच्या केसांच्या घट्ट वेण्या घातलेल्या बघून त्या म्हणाल्या, "केस नाय ओढत?" भाचीने सांगितलं, "नाही आजी, केस ओढलेस तर फाउल. चावायचं नाही, डोळ्यात बोट घालायचं नाही, डोक्याच्या मागच्या बाजूला मारायचं नाही, मणक्यावर मारायचं नाही, खाली पडलेलीच्या डोक्यात लाथ घालायची नाही." सासूबाई म्हणाल्या, "मग आमच्या नळावरच्या भांडणापरीस बरंच आहे की!"

तीन फेऱ्या संपल्या, कुणी कुणाला पाडून संपवलं नाही. आता निकाल. पंच दोघींचे हात धरून मध्ये उभा. निवेदकाने पहिला आकडा वाचला आणि... नेटवर्क गेलं! महाडला पहिल्या पावसात दुसरं काय होणार? पोरगी खिडकीत, मग पडवीत, मग पावसात छत्री घेऊन रस्त्यावर. दहा-पंधरा मिनिटांनी पनवेलच्या मैत्रिणीचा मेसेज आला तेव्हा तिने जी आरोळी ठोकली, त्याने समोरच्या वाड्यातले दिवे लागले. पूजा जिंकली होती. यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय स्त्री.

निकाल कसा होता ते नंतर समजून घेतलं, आणि मला त्याचीच मोठी गंमत वाटली. पिंजऱ्याभोवती तीन परीक्षक बसतात. प्रत्येक फेरी जिच्याकडे, तिला १० गुण, दुसरीला बहुधा ९. म्हणजे तिन्ही फेऱ्या जिंकल्या तर ३०–२७. आता बघा हं. एका परीक्षकाने पूजाला ३०–२७ दिले, म्हणजे तिन्ही फेऱ्या तिच्या. दुसऱ्याने २७–३० दिले, म्हणजे तिन्ही फेऱ्या समोरचीच्या! आणि तिसऱ्याने २९–२८, पूजाच्या बाजूने. पंधरा मिनिटांची तीच लढत, तिथेच बसून बघितलेली, आणि दोन शहाण्या माणसांना अगदी उलट दिसली. रांगोळी स्पर्धेत मी एकदा परीक्षक होते, तेव्हापासून दोन बायका माझ्याशी बोलत नाहीत. आता त्यांना हे उदाहरण देणार आहे.

जिंकल्यावर पूजा काय म्हणाली, तर भारतीय लढवय्ये हरणारे नाहीत हे तिला जगाला दाखवायचं होतं. आणि आईबद्दल म्हणाली, की मी इथवर पोचावं म्हणून ती सगळ्या जगाशी भांडली. त्या दिवशी संध्याकाळी टीव्ही लावला तर दिल्लीतला शपथविधी, रात्री न्यूयॉर्कला भारत-पाकिस्तान क्रिकेट. बुढान्याच्या मुलीला बातम्यांत जागा कुठली! पण आमच्या घरात दिवसभर तोच विषय.

सोमवारी नणंदेचा फोन. "बोललात का तिच्याशी?" मी म्हटलं, "अजून मलाच कळलेलं नाही, तिला काय सांगू?" ती भडकली. आणि तिचं काही चुकलं असं नाही. गावात बायका काय बोलतील ते तिने पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. तोंड फुटलं, दात पडला तर लग्न कोण करणार. अर्ध्या कपड्यात नाचणार. मुलींनी हाणामारी शिकली तर सासरी नांदतील कशा. शेवटी आवाज उतरवून म्हणाली, "वहिनी, मार काय असतो ते मला माहितेय. मी माझ्या पोरीला पैसे भरून मार खायला पाठवू?"

त्यावर मला बोलताच आलं नाही. नणंदेच्या संसाराबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. तिला विचारूनच एवढं लिहिते, की एका वर्षी गौरीला ती माहेरी आली तेव्हा भर उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आली होती. सासूबाईंनी पाहिलं होतं. मीही. आणि गौरीविसर्जनानंतर तिला परत पाठवताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "थोडं सहन करायचं, सगळ्यांचंच असतं." हल्ली भावोजी मुंबईलाच असतात, गणपती-शिमग्याला येतात. बरीच वर्षं सगळं शांत आहे. पण शांत आहे म्हणजे विसरलं गेलंय असं थोडंच?

मग मी ठरवलं, आधी नीट माहिती काढायची.

हा खेळ सुरुवातीला खरंच रानटी होता. १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा वजनगट नव्हते, नियमही नावालाच. खूप आरडाओरडा झाला. मग २००० सालच्या सुमारास तिकडच्या सरकारी क्रीडा मंडळांनी एकसारखे नियम केले. वजनगट, फेऱ्या, हातमोजे, डॉक्टर. मोजे म्हणाल तर जेमतेम ११३ ग्रॅमचे, बोटं उघडी, म्हणजे पकड घेता यावी. बायकांना तर तिथे दारच बंद होतं. २०११ मध्ये यूएफसीच्या प्रमुखाला विचारलं, बायका कधी लढणार? तो म्हणाला, कधीच नाही. आणि २३ फेब्रुवारी २०१३ ला त्याच कंपनीत रोंडा राउझी आणि लिझ कारमूश या दोघी लढल्या, तीसुद्धा त्या रात्रीची मुख्य लढत म्हणून! 'कधीच नाही' म्हणणाऱ्यांचं असंच होतं, आपण काय घरी बघत नाही?

आपल्याकडे तरी कुठे वेगळं होतं! पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून. बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून ती गदा घेतली. मध्ये किती वर्षं गेली ते तुम्हीच मोजा. शिवाय आमचं पोलादपूर म्हणजे नरवीर तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठचा तालुका. शौर्याच्या गोष्टी आम्ही पोरींना पाळण्यातच सांगतो, आणि पोरगी मोठी झाली की म्हणतो, जरा हळू चाल.

मुंबईला या लढतींची पहिली मोठी रात्र झाली ११ मार्च २०१२ ला, अंधेरीच्या क्रीडा संकुलात. संजय दत्त आणि राज कुंद्रा यांची सुपर फाइट लीग. मुख्य लढतीत अमेरिकेचा बॉब सॅप हा अगडबंब गडी आणि इंग्लंडचा जेम्स थॉम्पसन. पहिल्याच फेरीत सॅपचा पाय दुखावला नि थॉम्पसन जिंकला. दिवे, नाचगाणी, सिनेनट. माझ्या मते तो खेळ कमी नि लग्नाची वरात जास्त होती. पण त्या लीगमधून काही आपली मुलं पुढे आली. मुंबईचा भरत खंडारे हा कुस्तीतून आलेला. २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायला तो यूएफसीत लढला, भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. समोर चीनचा साँग यादोंग, वीस वर्षांचाही नव्हता. त्याने पहिल्याच फेरीत भरतची मान कवेत घेऊन गळा आवळला. हार. इतक्या लांबची वाट आणि सगळं पाच मिनिटांच्या आत संपलं. त्याच्या घरच्यांनी ते कसं बघितलं असेल, हेच माझ्या मनात राहिलं.

'दंगल' सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय. त्यातल्या गीता-बबिताची धाकटी बहीण रितू फोगट, तीसुद्धा २०१९ मध्ये कुस्ती सोडून या खेळात आली. वन चॅम्पियनशिप या आशियातल्या मोठ्या स्पर्धेत डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरला तिने अंतिम फेरी गाठली. थायलंडच्या स्टॅम्पने तिचा हात अडकवून तिला हरवलं. हा हात अडकवायचा डाव लक्षात ठेवा, त्याला आर्मबार म्हणतात. पुढे लागणार आहे.

आता काळजीची बाजू. ती लपवली तर मी कसली मामी!

एक म्हणजे डोकं. हातपाय मोडला तर जुळतो. डोक्याला वारंवार मार बसला तर मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो, हे बॉक्सरांच्या बाबतीत डॉक्टर फार पूर्वीपासून सांगत आलेत आणि इथेही तेच. सराव करताना डोक्याला मार बसून भोवळ आली, उलटी झाली, आठवेनासं झालं, डोकं ठणकायला लागलं, तर त्या दिवशी सराव बंद म्हणजे बंद. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय परत मैदानात नाही. "काही होत नाही, पाणी पी नि उभी राहा" असं सांगणारा शिक्षक असेल तर मुलीला तिथून घरी आणा.

दुसरं वजन. पूजाचा गट ११५ पौंडांचा, म्हणजे ५२ किलोच्या आसपास. लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं राहायचं. मग काय, शेवटच्या दिवसांत पाणी बंद, घाम काढायचा, नि काटा झाला की पुन्हा पाणी पिऊन वजन वाढवायचं. सगळ्यांचंच चालतं हे. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलाला यांग जियानबिंग हा चिनी खेळाडू लढतीआधी असं पाणी काढतानाच गेला. एकवीस वर्षांचा होता. त्यानंतर वन चॅम्पियनशिपने पाणी काढून वजन उतरवायला बंदी केली आणि लघवी तपासायला सुरुवात केली. मुलींचा आणखी एक प्रश्न. खाणं तोडून मेहनत केली की पाळी मागेपुढे होते, कधी बंदच पडते. पोरी ते सांगत नाहीत, आणि शिकवणारे पुरुष असले तर विचारत नाहीत. आयांनो, हे तुम्हालाच विचारायचंय.

तिसरं, हा ऑलिंपिकमधला खेळ नाही. नोकरीच्या आशेने कुणी जात असेल तर आधी चौकशी करावी. वुशू मात्र एशियाडमध्ये आहे, कुस्ती-ज्युदो-बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये. म्हणून पूजासारख्या मुली आधी त्यांपैकी एक खेळ धरतात. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामी, मला माहितेय. सर आधी ज्युदोच शिकवतात." म्हणजे पोरीने माझ्याआधी चौकशी केली होती!

हे सगळं मी नणंदेला सांगितलं, चांगलं नि वाईट दोन्ही. ती "बघू" म्हणाली. आपल्याकडे 'बघू'चा अर्थ नाहीच असतो.

वर्ष गेलं. २०२५ च्या मार्चमध्ये पोरीची बारावीची परीक्षा संपली नि मायलेकी दोघी चार दिवस महाडला आल्या. २२ मार्च, शनिवार. रात्री जेवणं उरकली, हे झोपले, आणि भाचीने मोबाईल उशीला टेकवून उभा केला. लंडनला पूजा तोमरची दुसरी लढत, आयर्लंडच्या शॉना बॅननशी. नणंद म्हणाली, "मला नाही बघायचं," आणि भाजी निवडायचं निमित्त करून तिथेच बसली. रात्री अकराच्या सुमाराला कोण मेथी निवडतं?

पहिली फेरी उभ्या-उभ्याच जास्त. दुसऱ्या फेरीत दोघी खाली गेल्या आणि बॅननने पूजाचा हात धरला. एक हात दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन मनगट छातीशी ओढायचं आणि कंबर उचलायची, की कोपर उलट्या बाजूला वाकायला लागतं. तोच आर्मबार. आणखी थोडा जोर लावला तर कोपर निखळेल. भाची "नाही नाही" म्हणत होती. नणंदेच्या हातातली जुडी तशीच. आणि पूजाने आपटून दाखवलं.

याला 'टॅप' म्हणतात. मोकळ्या हाताने समोरच्याच्या अंगावर नाहीतर जमिनीवर थापट्या मारायच्या. हात मोकळा नसेल तर तोंडाने सांगायचं. त्याचा अर्थ, पुरे, मी हरले. टॅप केलं की लढत संपली. पंच मध्ये पडतो आणि समोरचीने त्याच क्षणी सोडायचं. समोरची बेशुद्ध झाली, किंवा स्वतःला सावरू शकत नाही असं दिसलं, तर तिने न सांगताही पंच थांबवतो. डॉक्टरही थांबवू शकतो.

पूजा हरली. पोरगी हिरमुसली. पण सासूबाईंचं लक्ष भलतीकडेच होतं. त्या मोबाईलकडे बोट करून म्हणाल्या, "तिने नुसता हात आपटलान, नि हिने सोडलंन?"

"हो आजी, सोडावंच लागतं."

"लगेच?"

"लगेच."

"रागात होती ना ती? तरी?"

मी नणंदेकडे बघितलं. ती म्हणाली, "हो आई. सोडलंन." आणि उठून आत गेली. बराच वेळ मोरीत भांड्यांचा आवाज येत होता. भांडी तर मी मघाशीच घासून ठेवली होती.

सकाळी मी चहा ठेवला तर सासूबाई आधीच उठून नणंदेच्या अंथरुणापाशी बसलेल्या. मी दारातच थांबले. आत जायला नको वाटलं. सासूबाई म्हणत होत्या, "त्या साली गौरीला आलेलीस ना तू... तेव्हा मी तुला राहा म्हणायला हवं होतं." नणंद काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "जाऊ दे आई. चहा झाला वाटतं."

मला हा खेळ आवडायला लागला, असं मी अजूनही म्हणणार नाही. रक्त बघवत नाही. पैसे देऊन माणसं दुसऱ्याचं नाक फुटताना टाळ्या वाजवतात हे मला पटत नाही, आणि हे पटत नाही असं भाचीला तोंडावर सांगितलंय. ती म्हणते, मामी, तुझ्या मालिकांमध्ये तर सासू सुनेला विष घालते, ते तू जेवताना बघतेस. आता काय बोलणार?

जून २०२५. निकाल लागला, पनवेलच्या कॉलेजात नाव घातलं, काकांकडे राहायचं ठरलं. क्लासचं मात्र नणंद म्हणाली, "मी आधी डोळ्यांनी बघणार." मग आम्ही तिघी निघालो. पोलादपूरहून त्या दोघी सकाळच्या एसटीने आल्या, मी महाडला चढले. माणगाव, कोलाड, वडखळ, पेण... आपल्या मुंबई-गोवा रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही, संपादक म्हणतात त्या विषयावर पत्रं फार येतात. एवढंच सांगते, की पनवेलला उतरलो तेव्हा भाची म्हणाली, "मार खायची प्रॅक्टिस झाली."

दुकानांच्या वर एक हॉल. खाली जाड गाद्या, भिंतीला आरसे, कोपऱ्यात प्रथमोपचाराची पेटी. ती मी उघडून बघितली, रिकामी नव्हती. सर साधे, चाळिशीतले. मुलींना शिकवायला एक ताई होती, तिशीची, कानाच्या पाळ्या कुस्तीगिरांसारख्या जाड झालेल्या. मी माझी यादीच काढली. डोक्याला लागलं तर काय करता? वजन उतरवायला लावता का? मुलांबरोबर लढवता का? अठराच्या आत पैशाच्या लढतीत उतरवता का? सरांनी एकेकाचं सरळ उत्तर दिलं. पहिलं वर्षभर डोक्यावर मारायचा सराव नाहीच, म्हणाले. नुसत्या पडण्याचाच सराव दोन महिने.

नणंद इतका वेळ गप्प. पदर खोचून कडेला उभी. मग त्या ताईला म्हणाली, "पोरीने हात आपटला की सोडता ना?"

"हो काकू."

"चुकून नाही कळलं तर?"

ताई म्हणाली, "काकू, या ना. दाखवते." आमची नणंद, पन्नाशीला टेकलेली, सहावार साडी, ती चपला काढून त्या गादीवर बसली! भाची माझा दंड धरून उभी. ताईने तिचा हात हळूच धरला, कोपर जरासं ताणलं आणि म्हणाली, "आपटा."

नणंदेने दुसऱ्या हाताने गादीवर थापटी मारली. ताईने हात सोडला.

नणंद तशीच बसून राहिली. स्वतःचं मनगट चोळत म्हणाली, "परत एकदा धरा बघू."

ताईने परत धरला. नणंदेने या वेळी अगदी हलकेच, नुसती बोटं टेकवावीत तशी थापटी मारली, ऐकूसुद्धा येणार नाही इतकी. तरी तिने सोडलंन.